बिनपावतीचे आकडे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आत्मविकास आणि कामाच्या सवयी या विषयांवर येणारे लेख मी नियमितपणे वाचते. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असते, भाषा ओघवती असते आणि सोमवारी कामावर रुजू होण्याआधी उमेदीचे चार शब्द वाचायला कोणाला आवडणार नाही? तरीही या लेखांतील एक गोष्ट मला सातत्याने खटकत आली आहे आणि ती सविस्तर मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. छापताना कात्री लावण्याचा आपला अधिकार मान्य आहे. फक्त आकडे कापू नयेत, कारण पत्र त्यांच्याविषयीच आहे.

माझी सारी नोकरी लेखा विभागात झाली. या कामाचा पहिला दंडक असा की, ज्या रकमेची पावती नाही ती रक्कम खात्यात घ्यायची नाही, मग ती सांगणारा कितीही मोठ्या हुद्द्यावरचा असो. आत्मविकासाच्या लेखांत मात्र आकडे बिनपावतीचे फिरत असतात. २१ दिवसांत सवय लागते, १०,००० तासांत माणूस निष्णात होतो, यशस्वी माणसे पहाटे ५ वाजता उठतात, ही त्यांपैकी नेहमीची तीन उदाहरणे. हे कोणी मोजले, कोणावर मोजले आणि कशासाठी मोजले, याचा लेखात पत्ता नसतो. एरवी मी याकडे दुर्लक्ष केले असते. पण वाचणारा माणूस याच पट्टीने स्वतःला मोजतो, तिसऱ्या आठवड्यानंतर व्यायाम सुटला की, आपल्यातच काही कमी आहे असे धरून चालतो आणि पुढच्या रविवारी आणखी एक नवा आकडा घेऊन बसतो. निवृत्तीनंतर वेळ हाताशी असतो, तेव्हा या आकड्यांच्या पावत्या शोधायचे मी मनावर घेतले. त्यांत जे सापडले ते प्रचारातल्या वाक्यांपेक्षा बरेच वेगळे आहे.

२१ दिवसांचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आरशातल्या नव्या रूपाची ओळख पटायला किमान सुमारे २१ दिवस लागतात, असे त्यांना आपल्या रुग्णांकडे पाहून वाटले आणि तसे त्यांनी लिहिले. ते एका डॉक्टरचे निरीक्षण होते, त्याला प्रयोगाची जोड नव्हती आणि पहाटे धावायला जाण्याशी किंवा रोज दहा पाने वाचण्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. पुढे हे वाक्य तोंडातोंडी फिरले तेव्हा त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि उरलेल्या आकड्याचा नियम झाला.

सवयीवरचे प्रत्यक्ष मोजमाप पुष्कळ नंतरचे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी कृती रोज ठरावीक प्रसंगी करायला सांगितली आणि १२ आठवडे त्यांच्याकडून रोजच्या नोंदी घेतल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील ६६ हा आकडा आता २१ ची जागा घेऊ लागला आहे, म्हणून त्याचीही पावती तपासलेली बरी. ज्यांच्या नोंदींशी संशोधकांचे गणित चांगले जुळले अशा ३९ जणांचा तो मध्यक आहे, म्हणजे निम्मे लोक त्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे. सर्वांत लवकर सवय लागलेल्या व्यक्तीला १८ दिवस लागले, तर दुसऱ्या टोकाच्या व्यक्तीला २५४ दिवस लागतील असे गणित निघाले. ‘लागतील’ असे मुद्दाम म्हणते, कारण अभ्यास मुळात ८४ दिवसांचाच होता आणि पुढचे दिवस आलेखाची रेघ लांबवून काढलेले आहेत. पेलाभर पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला अधिक काळ लागला. या निबंधातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगतो. एखादा दिवस खाडा झाला म्हणून सवय लागण्याच्या क्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. ‘साखळी तुटू देऊ नका’ असे बजावणारे लेख वाचून धास्तावलेल्या माणसाला हे कोणीतरी ठळक अक्षरांत सांगायला हवे.

आता १०,००० तास. हा आकडा अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण आपल्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध जास्त जवळचा आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकी १० विद्यार्थ्यांचे तीन गट होते. पहिल्यात सर्वोत्तम, दुसऱ्यात चांगले आणि तिसऱ्यात संगीतशिक्षक होऊ पाहणारे. वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत या गटांनी एकट्याने केलेल्या सरावाचे सरासरी तास अनुक्रमे ७,४१०, ५,३०१ आणि ३,४२० भरले, तेही विद्यार्थ्यांनी आठवून सांगितलेल्या माहितीवरून. विसाव्या वर्षी सर्वोत्तम गटाची सरासरी १०,००० च्या पुढे गेली आणि २००८ साली माल्कम ग्लॅडवेल यांच्या लोकप्रिय पुस्तकामुळे या आकड्याचे रूपांतर नियमात झाले. एरिक्सन यांनी पुढे स्वतःच खुलासा केला की, त्या वयात त्या गटातील निम्म्या मुलांचे १०,००० तास भरलेलेही नव्हते आणि ही मुले गुणी असली तरी तेव्हा विद्यार्थीच होती, उस्ताद नव्हती. दहा जणांच्या आठवणींची ही सरासरी आज कोणत्याही धंद्यातल्या कोणत्याही माणसापुढे उद्दिष्ट म्हणून ठेवली जाते. लेखापरीक्षकाने अशी नोंद पाहिली असती तर तिच्यापुढे लाल शाईची खूण केली असती.

याच अभ्यासातल्या दोन गोष्टी वाटेत हरवल्या. पहिली विश्रांतीची. वरच्या दोन गटांतील मुले तिसऱ्या गटापेक्षा जास्त झोपत आणि दुपारची डुलकीही घेत. एकाग्र सराव दिवसाकाठी चारेक तासांच्या पलीकडे सहसा जात नसे आणि तोही तुकड्यातुकड्यांनी चाले. दुसरी गोष्ट सरावाच्या प्रतीची. एरिक्सन ज्याला सराव म्हणतात त्यात शिकवणारा असतो, नेमके काय सुधारायचे हे आधी ठरलेले असते आणि ते सुधारले की नाही, हे लगेच कळण्याची सोय असते. या तीन गोष्टी काढून टाकल्या तर उरतो तो केवळ घालवलेला वेळ.

नुसत्या वेळाने काय होते, याची नोंद वैद्यकीय क्षेत्रात झाली आहे. डॉक्टरांच्या अनुभवाची वर्षे आणि त्यांच्या कामाची प्रत यांचा संबंध तपासणाऱ्या ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३२ अभ्यासांत, म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक अभ्यासांत, तपासलेल्या प्रत्येक बाबतीत वर्षे वाढली तशी प्रत घसरलेली दिसली. डॉक्टरांना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. रुग्ण बरा होऊन किंवा न होता निघून जातो आणि निर्णय बरोबर होता की नाही, याचा निरोप पुष्कळदा डॉक्टरपर्यंत परत येतच नाही, ही त्यांची अडचण आहे आणि ती फक्त त्यांचीच नाही. शिक्षक, विक्रेते, अधिकारी, सल्लागार यांच्यापैकी किती जणांना आपल्या गेल्या वर्षीच्या निर्णयाचे पुढे काय झाले हे कळते?

सरावाचा वाटा किती, याचाही हिशेब झालेला आहे. ब्रुक मॅकनमारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ८८ अभ्यास एकत्र केले, तेव्हा माणसामाणसांतल्या कौशल्याच्या फरकापैकी सरावाने उलगडणारा भाग बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१ टक्के, मैदानी खेळांत १८ टक्के, शिक्षणात ४ टक्के आणि व्यवसायात १ टक्क्याहूनही कमी निघाला. यावरून नोकरीत सरावाला अर्थ नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मला त्यातून दिसते ते असे की, नोकरीत सराव कशाला म्हणायचे हेच मुळात ठरलेले नसते. व्हायोलिनवाला सराव करतो आणि मग कार्यक्रम करतो. आमच्यासारख्यांचा रोजच कार्यक्रम असतो आणि सरावाची वेळ कोणत्याही वेळापत्रकात नसते.

तरीही माणसे कामात तयार होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती कशी होतात, हे माझ्याच क्षेत्रातल्या एका बारीक उदाहरणाने सांगते. हिशेब हाताने लिहिले जात त्या काळात महिनाअखेरीस तेरीज काढली जाई, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची बेरीज करून दोन्ही बाजू जुळतात का हे पाहिले जाई. जुळल्या नाहीत की, नवखा माणूस पहिल्या पानापासून प्रत्येक नोंद तपासायला घेई आणि संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे शिणून जात. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ लेखापाल बाईंनी एकदा अशाच वेळी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि विचारले, “फरक किती आहे?” मी सांगितले, १८०. “अगं, मग आधी नवाने भागून बघ.” भागाकार २० आला. “आता पानं उलटत बसू नकोस. शतकाच्या आणि दशकाच्या घरातले आकडे जिथे उलटे पडले असतील आणि त्या दोन अंकांत दोनाचं अंतर असेल, अशीच रक्कम शोध.” एवढे बोलून त्या उठून गेल्या. ४,८६३ च्या जागी ४,६८३ अशी नोंद एका खात्यात सापडली.

यात जादू नाही. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले तर होणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, कारण दशकाच्या घरातला अंक एककात गेल्यावर रक्कम त्या अंकाच्या नऊपटीने घटते आणि एककातला दशकात गेल्यावर त्याच्या नऊपटीने वाढते. नवाने भागून येणारे उत्तर त्या दोन अंकांमधले अंतर सांगते आणि त्यापुढची शून्ये कोणत्या घरात घोटाळा झाला ते सांगतात. शेवटचे शून्य गळाले, म्हणजे ३६० च्या जागी ३६ लिहिले गेले, तरी फरक ९ च्याच पटीत येतो, तेव्हा तीही शक्यता ध्यानात ठेवायची. फरक ९ ने भागला जात नसेल तर त्याची निम्मी रक्कम काढून बघायची. तेवढ्या रकमेची नोंद कुठेतरी नावेऐवजी जमेला पडलेली असू शकते. आज संगणक दोन्ही बाजू जुळल्याशिवाय नोंदच घेत नाही, त्यामुळे तेरजेतला हा प्रकार जवळजवळ संपला आहे, पण बँकेच्या विवरणपत्राशी ताळमेळ घालताना ही युक्ती अजूनही उपयोगी पडते.

बाईंनी त्या दिवशी दिलेली गोष्ट युक्तीपेक्षा मोठी होती. माझे काम त्यांनी स्वतःच्या हाताने करून टाकले नाही, चूक कोणाची याची चौकशी केली नाही आणि शोधण्याची दिशा तेवढी दाखवून निघून गेल्या. पुढच्या वेळी १८० च्या जागी २७ आले तेव्हा मला कोणाला विचारावे लागले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे नोकरीतली वाढ ही अशी होते. समोर ठोस अडचण असते, उत्तर बरोबर की चूक हे दिवस मावळण्याच्या आत कळते आणि आपल्यापेक्षा दोन पावले पुढे असलेले कोणीतरी हाकेच्या अंतरावर असते. यांतली एक गोष्ट जरी नसली तरी वर्षे जातात आणि माणूस जागच्या जागी राहतो.

हे केवळ माझे मत नाही. डॅनियल कानेमान यांना माणसाच्या अंतःप्रेरणेवर फारसा भरवसा नव्हता. गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलातील अधिकाऱ्यांसारख्या अनुभवी लोकांचे झटपट निर्णय जवळून पाहिले होते आणि त्यांना त्या अंतःप्रेरणेचे कौतुक होते. परस्परविरुद्ध विचारांचे हे दोन मानसशास्त्रज्ञ काही वर्षे एकमेकांशी वाद घालत राहिले आणि २००९ साली त्यांनी मिळून एक निबंध लिहिला. त्यात दोघांचे एकमत झाले ते दोन अटींवर. कामाच्या परिसरात काही नियमितपणा असला पाहिजे आणि तो ओळखायला शिकण्याची, म्हणजे आपल्या अंदाजाचे काय झाले हे पुन्हा पुन्हा कळण्याची, संधी मिळाली पाहिजे. या दोन अटी पुऱ्या होत नसतील तर अनुभवी माणसाचा आत्मविश्वास वाढतो, पण त्याचे अंदाज सुधारत नाहीत. असे अनुभवी लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या हाताखाली काम करणे हाही एक अनुभवच असतो.

दुसऱ्या अटीपुरती एक सोय माणूस स्वतः करू शकतो आणि मी ती बरीच वर्षे केली. काम सुरू करताना त्याला किती वेळ लागेल याचा अंदाज वहीच्या डाव्या रकान्यात लिहायचा आणि संपल्यावर उजव्या रकान्यात प्रत्यक्ष लागलेला वेळ. दोन्ही रकान्यांतली तफावत पहिल्यांदा पाहिली की गंमत वाटते, नंतर ती शहाणपण शिकवते. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना हेच विचारले होते. त्यांच्या अंदाजांची सरासरी ३३.९ दिवस होती, सगळे काही बिनसले तर किती लागतील या प्रश्नाच्या उत्तरांची ४८.६ दिवस आणि प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस. म्हणजे माणसाची वाईटात वाईट कल्पनासुद्धा वास्तवापेक्षा आशावादी असते. दोन रकान्यांची वही ठेवल्याने मी अधिक वेगाने काम करू लागले असे नाही. पण कोणाला कोणत्या दिवशी काय देऊ शकेन हे खात्रीने सांगू लागले आणि कार्यालयात माझ्या शब्दाला जी किंमत आली ती त्यामुळेच आली, असे मला वाटते.

पहाटे ५ च्या आकड्याबद्दल थोडक्यात. झोपेचे आणि जागेपणाचे चक्र माणसागणिक वेगळे असते, त्यात आनुवंशिकतेचा भाग असतो आणि वयानुसार ते सरकतेही. किशोरवयात ते उशिराकडे झुकते. पेशींतले हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. निद्रावैद्यकातील दोन अमेरिकी संस्थांनी २०१५ साली एकत्रितपणे प्रौढांसाठी रात्री किमान ७ तास झोपेची शिफारस केली. तेव्हा पहाटे ५ ला उठणाऱ्याने रात्री १० ला अंथरुणाला पाठ टेकलेली असली पाहिजे. दुसऱ्या पाळीतून रात्री घरी परतणाऱ्या माणसाला, तान्ह्या बाळासाठी रात्री चारदा उठणाऱ्या आईला आणि आजाऱ्याची सोबत करणाऱ्याला हा सल्ला देताना लेखकाने क्षणभर थांबावे, एवढीच अपेक्षा आहे. ज्याला पहाट मानवते त्याने अवश्य उठावे. त्याने इतरांच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र लिहू नये.

यातूनच माझी मूळ तक्रार निघते. हे लेख सगळा भार एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीवर टाकतात आणि तो दिवसातले सर्वाधिक जागे तास जिथे घालवतो त्या कामाच्या जागेबद्दल गप्प बसतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली केलेला पहिलाच करार उद्योगांतील कामाच्या तासांविषयी होता आणि त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. शंभराहून अधिक वर्षांनी, २०२१ साली, त्याच संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून अंदाज मांडला की, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे झालेल्या हृदयविकाराने आणि पक्षाघाताने २०१६ या एका वर्षात सुमारे ७,४५,००० मृत्यू झाले. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अशा लोकांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला. या आकड्याची पावती पक्की आहे, तरीही आपल्या पुरवणीत तो माझ्या पाहण्यात आला नाही. ज्याचा आठवडा ५५ तासांचा आहे त्याला पहाटेचा एक तास स्वतःसाठी काढायला सांगणे म्हणजे आधीच ओढाताण झालेल्या खात्यातून आणखी एक उचल करायला लावणे आहे.

मालक आणि व्यवस्थापक मंडळींना शिकण्यासारखी गोष्टही याच विषयात आहे. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांमधील २३८ जणांच्या जवळपास १२,००० दैनंदिन नोंदी तपासून २०११ साली निष्कर्ष मांडला की, कामाच्या ठिकाणी माणसाचा दिवस सर्वांत चांगला जातो तो अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामात थोडीशी जरी प्रगती झाली तर. बक्षीस, शाबासकी यांचा क्रम त्यानंतर लागतो. त्यांनी ६६९ व्यवस्थापकांना कर्मचाऱ्यांना उमेद देणाऱ्या पाच गोष्टींचा क्रम लावायला सांगितला, तेव्हा त्यांनी कामातील प्रगतीला हातभार लावणे ही गोष्ट शेवटच्या क्रमांकावर टाकली. म्हणजे ज्याच्यामुळे माणूस उमेदीने घरी जातो, तेच वरच्या मंडळींना सर्वांत कमी महत्त्वाचे वाटते. अर्धवट माहिती देऊन सोपवलेली कामे, ऐन वेळी बदललेले निर्णय, एकाच्या दोन आणि दोनाच्या चार होत जाणाऱ्या बैठका आणि चूक दाखवण्याऐवजी चूक करणाऱ्याला दाखवून देणारे वरिष्ठ, यांनी ही छोटी प्रगती रोज मारली जाते. अशा ठिकाणी काम करणाऱ्या तरुणाला सकारात्मक विचारांचे धडे देणे मला अन्यायाचे वाटते.

माझ्या क्षेत्रापुरते बोलायचे तर संगणक आल्याने चुका कमी झाल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पूर्वी नवखा आणि ज्येष्ठ एका टेबलावर बसून चूक शोधत, त्या बसण्यातून जे शिकणे होई त्याची जागा कोणी भरली नाही. पडद्यावर लाल पट्टी येते, नोंद नाकारली जाते, मुलगा दुसरा आकडा घालून बघतो आणि नोंद स्वीकारली गेली की पुढे जातो. पहिला आकडा का चुकला, हे त्याला कळलेले नसते आणि विचारायला शेजारी कोणी नसते. एक कार्यालय मला माहीत आहे, जिथे दर शुक्रवारी अर्धा तास आठवड्यातली एक नोंद सर्वांसमोर उलगडून पाहिली जाते, कोणाच्या नावाचा उल्लेख न करता. त्या अर्ध्या तासाने तिथल्या नव्या मुलांना जेवढे दिले तेवढे बाहेरच्या वक्त्यांच्या शिबिरांनी दिल्याचे मला दिसले नाही. शिबिरावर खर्च होतो म्हणून ते अहवालात दिसते. अर्ध्या तासाला खर्च नाही, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आत्मविकासाचे लेखन बंद करा असे माझे म्हणणे नाही. माणसाला आपण कालच्यापेक्षा थोडे बरे व्हावे असे वाटणे ही चांगली गोष्ट आहे आणि वर्तमानपत्राने तिला खतपाणी घालावे. माझी विनंती एवढीच की, यापुढे अशा लेखात आकडा आला तर तो कोठून आला, किती माणसांवरून काढला आणि कोणत्या साली काढला, हे कंसात एका ओळीत छापण्याचा दंडक आपल्या संपादकीय विभागाने घालून घ्यावा. पुष्कळ आकडे त्या ओळीनेच गळून पडतील आणि जे उरतील ते वाचकाच्या उपयोगाचे असतील.

त्याचबरोबर, जमल्यास पुरवणीचा एक रकाना ज्यांनी आयुष्यभर एखादे काम केले आहे अशा माणसांना द्यावा. परिचारिका, गवंडी, वाहनचालक, शिंपी, ग्रंथपाल, यंत्र दुरुस्त करणारे कारागीर. त्यांच्याकडून उपदेश मागू नये, यशाची गुरुकिल्लीही मागू नये. आपल्या कामात चूक कशी ओळखू येते आणि ती ओळखायला आपल्याला कोणी शिकवले, एवढेच त्यांनी लिहावे. रकाना सुरू झाला तर बँकेच्या ताळमेळावर लिहायला मी तयार आहे. तो विषय दिसतो तेवढा रुक्ष नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त लेखापाल